ल्यूटन टाऊन २०२३-२४ : पुढं असायचे आणि तासाभरानंतर घसरायचे

आधी हिशेब टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहायला नको. ल्यूटन टाऊन, प्रीमियर लीग, सीझन २०२३-२४. मॅच ३८, जिंकल्या ६, बरोबरीत ८, हरल्या २४. पॉइंट २६, नंबर अठरावा, म्हणजे शेवटच्या तिघांत, थेट खालच्या डिव्हिजनमध्ये. गोल मारले ५२ आणि खाल्ले ८५. त्यांच्या वर सतराव्या नंबरला नॉटिंगहॅम फॉरेस्ट ३२ पॉइंटवर वाचली, म्हणजे फरक सहाचा, आणि गोल फरक धरला तर ल्यूटनला सात पॉइंट जास्त लागले असते. हे सात पॉइंट गेले कुठं, एवढाच या केसचा प्रश्न आहे.

लोकांचं उत्तर तयार असतं. छोटा क्लब, पैसे नाहीत, जाणारच होते. हे मला पटत नाही, म्हणजे पैसे नव्हते हे खरंच आहे पण नुसतं तेवढं म्हणून सोडून दिलं की मॅचमध्ये काय झालं ते कोणी बघतच नाही. आमच्या विश्रामबागच्या ग्रुपवर या विषयावर जेवढी भांडणं झालीत तेवढी आयपीएलवर पण झाली नसतील. सांगलीत फुटबॉल म्हटलं की सगळे कोल्हापूरकडं बोट दाखवतात, शाहू स्टेडियम, पेठांच्या तालमी वगैरे, आणि आम्ही पण तिकडच्या मॅच बघायला जातोच, पण रात्री दीड वाजता अलार्म लावून ल्यूटन बघणारे इकडं पण चारपाच जण आहेत.

क्लबची पार्श्वभूमी थोडक्यात. २००८-०९ ला आर्थिक गैरव्यवहार आणि दिवाळखोरीच्या भानगडीत यांचे तब्बल ३० पॉइंट कापले, तेही सीझन चालू व्हायच्या आधी, त्यामुळं इंग्लिश फुटबॉल लीगच्याच बाहेर फेकले गेले. पाच वर्षं बाहेर काढली, २०१४ ला परत आले, आणि मग एकेक पायरी चढत २०२२-२३ ला चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये, ८० पॉइंट घेऊन तिसरे. त्या सीझनच्या मध्यावर कोच नेथन जोन्स साउदॅम्प्टनला गेला, त्याच्या जागी रॉब एडवर्ड्स आला, ज्याला वॉटफर्डनं दहा लीग मॅचमध्येच काढलं होतं. गंमत बघा, जोन्सला साउदॅम्प्टननं काही महिन्यांतच हाकललं, साउदॅम्प्टन तळाला राहून खाली गेलं आणि ल्यूटन वर आलं. २७ मे २०२३ ला वेम्बलीवर कॉव्हेंट्रीविरुद्ध प्लेऑफ फायनल, म्हणजे वर जायच्या शेवटच्या जागेसाठीची मॅच, १-१, पेनल्टीवर ६-५. त्याच मॅचमध्ये कॅप्टन टॉम लॉकयर मैदानात कोसळला, थेट हॉस्पिटलमध्ये. पेली रडॉक म्पान्झू तर क्लब लीगच्या बाहेर होता तेव्हापासून त्यांच्याकडं, तोच माणूस त्याच क्लबकडून प्रीमियर लीगपर्यंत खेळला. असं आधी कोणी केलेलं नव्हतं.

टॉप डिव्हिजनमध्ये ते ३१ वर्षांनी आले. १९९२ ला खाली गेले आणि लगेच पुढच्या सीझनपासून प्रीमियर लीग नावाचा पैशाचा कारखाना चालू झाला, म्हणजे यांनी तो बाहेरूनच बघितला.

स्टेडियम केनिलवर्थ रोड, बारा हजाराच्या आसपास माणसं बसतात, त्या सीझनच्या प्रीमियर लीगमधल्या सगळ्यात लहानांपैकी एक. ओक रोडवरच्या चाळीवजा घरांच्या रांगेतून पाहुण्या प्रेक्षकांचं गेट आहे, पायऱ्या चढताना खाली लोकांची परसदारं दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. टीव्हीच्या कॅमेऱ्यांसाठी, लाइटसाठी एक अख्खा स्टँड नव्यानं करावा लागला, दहा दशलक्ष पौंडांच्या घरात खर्च, आणि तो वेळेत झालाच नाही म्हणून घरची पहिली मॅच, बर्नलीविरुद्धची, पुढं ढकलली. सुरुवात मग बाहेरच. ब्रायटनला १-४, चेल्सीला ०-३. पहिला पॉइंट २३ सप्टेंबरला वुल्व्हजविरुद्ध, पहिला विजय ३० सप्टेंबरला एव्हर्टनच्या घरात २-१.

खेळाडू कोण घेतले हेही बघायला पाहिजे. रॉस बार्कली नीसहून फुकटात, ओगबेने रॉदरहॅमहून फुकटात, गोलकीपर कमिन्स्की ब्लॅकबर्नहून, चाँग बर्मिंगहॅमहून, लोकोंगा आणि काबोरे उसने, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून लोनवर. बहुतेक सगळे खालच्या डिव्हिजनमधले किंवा कोणालातरी नको असलेले. आणि तरी बार्कलीनं जो सीझन काढला तो बघण्यासारखा होता, ज्या माणसाला सगळे संपला म्हणत होते तो मधे उभा राहून आर्सेनलच्या पोरांना खांद्यानं बाजूला करत होता. पुढं कार्लटन मॉरिसचे ११ गोल, इलायजा अडेबायोचे १०. गोल मारायची अडचण नव्हती हे इथंच कळतं. वाचलेल्या एव्हर्टननं अख्ख्या सीझनमध्ये ४० मारले, ल्यूटननं ५२.

आता मुद्द्यावर येतो. पाच मॅच काढून ठेवल्यात, पाचही अशा की ल्यूटन पुढं होतं.

५ डिसेंबर, आर्सेनल, घरी. आपल्याकडं रात्री पावणेदोन. बार्कलीनं ५७व्या मिनिटाला ३-२ केलं, ६०व्याला हावर्ट्झनं बरोबरी केली, आणि ९७व्याला डेक्लन राइसनं हेडर घातला, ३-४. १० डिसेंबर, मँचेस्टर सिटी, घरी, त्यांचा मुख्य गोल मारणारा हालांड नव्हता. अडेबायोनं हाफटाइमच्या तोंडावर हेडर मारून १-० केलं. ६२ला बर्नार्डो, ६५ला ग्रीलिश, १-२. ३ फेब्रुवारी, न्यूकॅसल, बाहेर. ६२व्या मिनिटाला ४-२ पुढं. ६७ला ट्रिपिअर, ७३ला बार्न्स, ४-४. २१ फेब्रुवारी, लिव्हरपूल, अ‍ॅनफील्ड. बाराव्या मिनिटाला ओगबेने, हाफटाइमला १-० पुढं. ५६ला व्हॅन डायक, ५८ला गाकपो, मग आणखी दोन, १-४. आणि १३ मार्च, बोर्नमथ, बाहेर. हाफटाइमला ०-३ पुढं, पुन्हा वाचा, तीन गोलनं पुढं. मग बोर्नमथचे गोल ५०, ६२, ६४, ८३व्या मिनिटाला. हरले ४-३.

पाच मॅच, पंधरा पॉइंट, मिळाला एक. चौदा गेले. यातले निम्मे, सात जरी पदरात पडले असते तरी ३३ होतात आणि फॉरेस्ट ३२वर आहे, बाकी कोणाचं काही न बदलता ल्यूटन वाचतं.

मिनिटं बघा फक्त. ६०, ६२-६५, ६७-७३, ५६-५८, ६२-६४. राइसचा ९७व्याचा गोल सगळ्यांच्या डोक्यात बसलाय, त्यामुळं ल्यूटन म्हटलं की शेवटच्या मिनिटाला नशीब फिरलं अशी कहाणी तयार झाली. लिव्हरपूलविरुद्ध घरच्या मॅचमध्ये डियाझनं ९५ला बरोबरी केली ती पण त्यातच जोडतात. व्हिलाचा डीन्य ८९ला, टॉटेनहॅमचा सॉन ८६ला, यादी लांबते. पण दुसऱ्या बाजूची यादी कोणी काढत नाही. फॉरेस्टला बाहेर ०-२ वरून २-२, अडेबायो ९२ला. बर्नलीला बाहेर मॉरिस ९२ला. पॅलेसला वुड्रो ९६ला. फॉरेस्टला घरी ल्यूक बेरी ८९ला. बोर्नमथला घरी मॉरिस ९०ला, विजय. शेवटच्या मिनिटांनी जेवढं नेलं त्यातलं बरंचसं परत पण दिलं, त्यामुळं नशिबाच्या नावानं रडण्यात अर्थ नाही. दुखणं तासाभराच्या आसपासचं आहे, आणि एक गोल खाल्ला की दोनतीन मिनिटांत दुसरा.

का व्हायचं असं? ग्रुपवर पहिलं उत्तर आलं ते समोरच्यांच्या बेंचचं. साठाव्या मिनिटाला मोठी टीम पन्नास दशलक्षाचा ताजा प्लेअर उतरवते आणि ल्यूटन दमलेलं असतं. ऐकायला बरोबर वाटतं, पण अ‍ॅनफील्डच्या मॅचला हे चालत नाही. त्या रात्री लिव्हरपूलकडं सलाह नव्हता, नुन्येझ नव्हता, जोटा, अ‍ॅलिसन, ट्रेंट कोणी नव्हता, बेंचवर अकॅडमीची पोरं, त्यातल्या जेडन डॅन्सनं तर त्याच मॅचमध्ये पदार्पण केलं. आणि बोर्नमथ काय सिटी नव्हे.

दुसरं उत्तर लॉकयरचं. १६ डिसेंबरला बोर्नमथलाच १-१ असताना ५९व्या मिनिटाला त्याचं हृदय बंद पडलं, मैदानातच, मॅच तिथंच थांबवली. तो वाचला हे सगळ्यात मोठं. मॅच पुन्हा पहिल्यापासून मार्चमध्ये खेळवली, तीच ती ४-३. त्यानंतर तो त्या सीझनला खेळला नाही, मागं बोलणारा, लाइन ओढणारा माणूस गेला, दुसरा बचावपटू अँडरसन पण दुखापतीनं बराच काळ बाहेर, त्यामुळं सेंटरबॅकची, म्हणजे बचावात मधे उभं राहणाऱ्यांची, जोडगोळी सारखी बदलत राहिली. हे कारण वजनदार आहे, नाही म्हणत नाही. पण आर्सेनल आणि सिटीच्या मॅच १६ डिसेंबरच्या आधीच्या आहेत, तेव्हा पण हेच झालं होतं.

मला तिसरं उत्तर पटतं, खेळायच्या पद्धतीचं. एडवर्ड्स मागं तीन, बाजूला विंगबॅक (कडेनं वर-खाली पळणारे), पुढं अडेबायो नाहीतर मॉरिस असा खेळायचा, बॉल लवकर पुढं, अल्फी डॉटीचे क्रॉस, आणि बॉल गेला की मैदानभर मॅन टू मॅन प्रेसिंग. प्रत्येकानं आपला माणूस धरायचा आणि तो जाईल तिथं जायचं, अगदी त्याच्या गोलपर्यंत. यात मजा काय आहे तर मोठ्या टीमला पहिला अर्धा तास काही सुचतच नाही, पाठीला पाठ लावून कोणतरी उभा असतो, त्यामुळंच तर आर्सेनल, सिटी, लिव्हरपूल सगळ्यांविरुद्ध ल्यूटन पुढं होतं. पण या पद्धतीत मागं राखीव माणूस नसतो. एक जण अर्ध्या पावलानं मागं पडला की त्याच्या मागची सगळी साखळी तुटते, आणि तासभर पळाल्यावर अर्धं पाऊल कोणाचंही मागं पडतं. सिटीच्या दोन गोलमधला तीन मिनिटांचा तुकडा मी परत परत बघितलाय. १-१ झाल्यावर कुठलाही गल्लीतला कोच ओरडेल, आडवे व्हा, थांबा, बॉल बाहेर मारा, पाच मिनिटं मॅच मारून टाका. ल्यूटन ते करतच नव्हतं, गोल खाल्ला की उलट अजून वर चढून धरायला जायचं. बर्नलीविरुद्ध घरच्या मॅचला तर ८४ला अडेबायोनं बरोबरी केली आणि ८५ला परत गोल खाल्ला, एका मिनिटात, सेलिब्रेशनचा घाम वाळायच्या आत.

यावर ग्रुपमधल्या एका मित्राचं म्हणणं असं की मॅन टू मॅन सोडलं असतं तर मग ते पुढं तरी कधी गेले असते? मागं बसून खेळणाऱ्या गरीब टीमचं काय होतं ते शेफिल्ड युनायटेडनं त्याच वर्षी दाखवलं, १६ पॉइंट आणि १०४ गोल खाल्ले. बर्नलीनं कोंपनीच्या हाताखाली छोट्या पासांचा देखणा खेळ केला, २४ पॉइंट. ल्यूटनचे २६ या दोघांपेक्षा जास्त. बरोबर आहे त्याचं. मी पद्धत बदला म्हणतच नाहीये, मी म्हणतोय पहिला तास ती आणि पुढं असाल तर नंतर दुसरी, आणि ती दुसरी खेळायला बेंचवर वेगळी माणसं लागतात.

म्हणजे गाडी परत पैशावर आली का? आली, पण नेमकी कुठं आली ते महत्त्वाचं. त्या एका प्लेऑफ फायनलची किंमत तीन सीझन मिळून १७० दशलक्ष पौंडांच्या पुढं धरतात. ल्यूटननं ते उधळले नाहीत. एकदा दिवाळं बघितलेला क्लब, शिवाय पॉवर कोर्टला नवीन मोठं स्टेडियम बांधायचंय, हात राखूनच खर्च करणार. आमच्या ग्रुपमध्ये मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले एक मामा आहेत, वयानं मोठे, सगळेच त्यांना मामा म्हणतात. त्यांना ल्यूटनचा हा स्वभाव फार आवडला होता. "हरिपूरच्या पेवात हळद घातली की निवांत झोपायचं, भाव आला की काढायची, वर्षाच्या पैशात माडी बांधू नये," असं ते म्हणायचे (पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार) आणि आम्ही सगळे मान डोलवायचो. मग २०२४-२५ ला ल्यूटन चॅम्पियनशिपमध्ये पण बाविसावं आलं, जानेवारीत एडवर्ड्स गेला, ब्लूमफील्ड आला, शेवटच्या दिवशी वेस्ट ब्रॉमला ५-३ हरले आणि सलग दुसऱ्यांदा खाली, लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. त्या रात्री कोणीतरी मामांना डिवचलं, तर म्हणाले, "अरे २००५च्या पुरात पेवं पण बुडालीच की."

त्या वाक्यावर मी बरेच दिवस अडकलो होतो. कारण जपून राहण्याचा मुद्दाच हा असतो की खाली गेलो तरी उभं राहू. ल्यूटन खाली गेलं ते गेलंच आणि उभं पण राहिलं नाही. दुसरीकडं फॉरेस्ट, २०२२ ला वर आल्यावर वीसपेक्षा जास्त प्लेअर घेतले, सगळ्या इंग्लंडनं हसून घेतलं. लीगनं घातलेली तोट्याची मर्यादा ६१ दशलक्ष पौंड, ते साडेचौतीसनं वर गेले, त्याबद्दल चार पॉइंट कापले. त्या चार पॉइंटसकट ते वाचले, आणि पुढच्याच सीझनला सातवे. एव्हर्टनचे तर दोन वेळा मिळून आठ कापले, ते पण वाचले. म्हणजे लीगनं तळातल्या दोन टीमचे बारा पॉइंट काढून घेतले, ल्यूटनला एवढा हात दिला, आणि तरी जमलं नाही. हे जरा चावतं.

पण उधळा म्हणजे वाचाल असंही नाही, ही बाजू सोडून चालणार नाही. इप्सविचनं २०२४ च्या उन्हाळ्यात शंभर दशलक्ष पौंडांवर खर्च केला आणि २२ पॉइंटवर गेले. त्याच वर्षी लेस्टर २५, साउदॅम्प्टन १२. दोन सीझन लागोपाठ वर आलेल्या तिन्ही टीम खाली, त्याआधी असं तिन्ही जाण्याचा प्रकार १९९७-९८ चा. आणि या सहाही टीममध्ये सगळ्यात जास्त पॉइंट ल्यूटनचे. फुकटातल्या आणि उसन्या प्लेअरांवर.

म्हणून माझं म्हणणं उन्हाळ्यातल्या खरेदीबद्दल नाहीच. ऑगस्ट २०२३ ला हात राखला ते बरोबर होतं, कोणाला माहीत होतं ही टीम इथं टिकेल का. पण ३० जानेवारी २०२४ ला ब्रायटनला ४-० मारलं, अडेबायोची हॅटट्रिक, पहिला गोल अठराव्या सेकंदाला, आणि ल्यूटन तळातल्या तीनच्या बाहेर आलं. ट्रान्सफर विंडो, म्हणजे प्लेअर घ्यायची मुदत, बंद व्हायला दोन दिवस. तोपर्यंत सगळं समोर आलं होतं, ही टीम गोल मारू शकते, मोठ्यांना पळवू शकते, आणि तासाभरानंतर पुढं असताना मॅच धरून ठेवता येत नाही. त्या विंडोत घेतले कोण, तर बेल्जियममधून दाइकी हाशिओका, आणि रेडिंगचा सेंटरबॅक टॉम होम्स, ज्याला घेऊन लगेच रेडिंगलाच उसना परत दिला. लॉकयर गेलाय, अँडरसन बाहेर, आणि विकत घेतलेला सेंटरबॅक पुढच्या सीझनसाठी ठेवून दिला! हे मला आजही पचत नाही.

मग जे झालं ते आकड्यात दिसतं. ३ फेब्रुवारीच्या न्यूकॅसल मॅचपर्यंत २२ मॅचमध्ये २० पॉइंट. त्यानंतरच्या १६ मॅचमध्ये ६, विजय एकच. लगेच पुढच्या आठवड्यात घरी शेफिल्ड युनायटेड, टेबलात सगळ्यात खाली असलेली टीम, १-३. अडेबायो हॅमस्ट्रिंगनं गेला. एप्रिलमध्ये ब्रेंटफर्डनं घरात येऊन १-५ मारलं, शेवटच्या दिवशी फुलहॅमनं २-४. किल्ला किल्ला म्हणून ज्या केनिलवर्थ रोडचं कौतुक झालं तिथं बर्नली, शेफिल्ड, ब्रेंटफर्ड असे टेबलातले शेजारीपाजारीच लुटून गेले, सिटी-आर्सेनलकडून हरलो हे सांगायला बरं वाटतं, पण ब्रेंटफर्डविरुद्ध दोन मॅचच्या सहा पॉइंटपैकी शून्य आणि बर्नलीविरुद्ध सहापैकी एक हे कोणी सांगत नाही.

एक अनुभवी सेंटरबॅक आणि मधे एक असा माणूस ज्याला बॉल पायाखाली धरून दोन मिनिटं फुकट घालवता येतात, एवढंच मागणं होतं. जानेवारीत असे प्लेअर उसने मिळतात, पगाराचा भार उचलला की झालं, त्यासाठी स्टेडियमच्या पैशाला हात लावावा लागत नाही. मामांना हे मान्य नाही, ते म्हणतात उसन्या माणसाचा जीव अडकत नाही. मी त्यांना लोकोंगाचं नाव सांगतो, उसना असून मिडफील्डमध्ये बार्कलीच्या बरोबरीनं राबत होता, तर ते विषय बदलून बोर्नमथची ४-३ काढतात, आणि मग मलाच बोलायला काही राहत नाही कारण त्या रात्री एक वाजता सुरू झालेली मॅच हाफटाइमला ०-३ बघून मी झोपायला गेलो होतो.